ताई ची करताना गाणे लावावे का?

तळेऱ्याच्या तिठ्यावर पहाटे उभे राहिले की तीन दिशांनी आवाज येतात. मुंबई–गोवा महामार्गावरून कंटेनर धडधडत जातात, करूळचा घाट उतरून वैभववाडीमार्गे कोल्हापूरकडचे ट्रक येतात आणि विजयदुर्गाकडे जाणारी वाहने तिठ्यावरच वळण घेतात. महामार्ग सोडून वाडीच्या दिशेने दोन फर्लांग आत गेले की हा गलबला ओसरतो. मग विहिरीवरचा पंप ऐकू येतो, कोंबडा ऐकू येतो आणि कुणाच्या तरी ओटीवर लागलेली आकाशवाणी.

अशाच एका वाडीत, घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात, प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी ताई ची करतात. ‘नुसते चालू नका, तोल सांभाळण्याचाही काही व्यायाम करा,’ असे डॉक्टरांनी सांगितले होते. मुंबईच्या मुलीने मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली आणि सुरुवात झाली. चित्रफितीतले चिनी संगीत कानाला परके वाटले, म्हणून त्यांनी तिचा आवाज बंद करून शेजारी भजने लावली. आठवड्याभरातच एका सकाळी त्यांचा पाय अडखळला. हात तुळशीवृंदावनाला टेकला म्हणून निभावले. ‘‘गाणा लागला काय पाय आपसूकच फुडे जातत,’’ हे त्यांचे स्पष्टीकरण. घरच्यांनी दोष गाण्याला दिला, त्यांनी स्वतः वयाला. त्यांचे ते वाक्य मात्र, त्यांना कल्पना नसली तरी, शास्त्राच्या कसोटीवर अगदी अचूक उतरते. व्यायाम करताना संगीत लावावे की नाही, हा वरवर आवडीनिवडीचा वाटणारा प्रश्न ताई चीच्या बाबतीत तितका साधा का नाही, हे त्या वाक्यापासूनच समजून घेता येते.

प्रथम नावाविषयी. ‘ताई ची’मधला ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. प्राणशक्तीसाठी चिनी भाषेत वेगळा शब्द आहे. मूळ नाव ‘ताइजीछ्वेन’. त्यातील ‘ताइजी’ ही चिनी तत्त्वज्ञानातील संकल्पना असून यिन आणि यांग ही द्वंद्वे ज्यातून उद्भवतात त्या आदितत्त्वाला ती संज्ञा आहे. ‘छ्वेन’ म्हणजे मूठ, अर्थात मुष्टियुद्ध. थोडक्यात, ही मुळात युद्धकला आहे. हनान प्रांतातील छेन घराण्याच्या गावात सतराव्या शतकात तिची मुळे सापडतात. एकोणिसाव्या शतकात यांग लूछान यांनी ती पेइचिंगला नेली आणि त्यांचे नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) यांनी तिला आज आपण उद्यानांतून पाहतो ते संथ, सलग आणि सर्वांना झेपेल असे रूप दिले. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने चोवीस हालचालींची सुटसुटीत मालिका तयार केली. ती पाच-सहा मिनिटांत पूर्ण होते. जगभरच्या बहुतेक नवशिक्यांचा श्रीगणेशा याच मालिकेने होतो; आपल्या या परिचितांच्या चित्रफितीतही तीच आहे. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

आता एका पावलाकडे पाहू. संगीताचा प्रश्न सुटतो तो इथेच. आपण रस्त्याने चालतो तेव्हा प्रत्यक्षात पुढे पडत असतो आणि पडता पडता पुढचा पाय टाकून स्वतःला सावरत असतो. ताई चीत असे पडणे नाही. एका पायावर शरीराचा संपूर्ण भार असतो, तेव्हा दुसरा पाय रिकामा असतो. हा रिकामा पाय अलगद उचलून पुढे ठेवायचा, टाच जमिनीला लागली तरी तिच्यावर भार द्यायचा नाही. जमीन पक्की आहे याची खात्री झाली की मग एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतावे तसा भार सावकाश पुढच्या पायात उतरवायचा. चिनी गुरू यासाठी मांजराच्या चालीची उपमा देतात. पाय ठेवल्यानंतरही तो परत उचलता आला पाहिजे, ही कसोटी. जमीन निसरडी निघाली तर मागचा पाय अजून शरीर धरून असतो.

म्हाताऱ्या माणसासाठी या एका कौशल्याची किंमत किती आहे, हे कोकणात वेगळे सांगायला नको. जांभ्याच्या पायऱ्या, पावसाळ्यात त्यांच्यावर चढणारे शेवाळ, न्हाणीघराचा ओला चिरा आणि रात्रीच्या वेळी खंडित होणारी वीज. सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण आणि परावलंबन ही साखळी सुरू होते, आणि मुले मुंबई-पुण्याला असली तर ती साखळी अधिकच जड होते. अमेरिकेतील ऑरेगन येथील फुझोंग ली व सहकाऱ्यांनी पडण्याचा धोका असलेल्या सत्तरीपुढील ६७० जणांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोल सुधारण्यासाठी बेतलेली ताई ची चोवीस आठवडे करणाऱ्यांमध्ये पडण्याचे प्रमाण केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होते. तोल, बळकटी आणि दमसास असे निरनिराळे व्यायाम एकत्र करणाऱ्यांपेक्षाही ते ३१ टक्क्यांनी कमी भरले. याच संशोधकांनी २०१२ मध्ये कंपवाताच्या १९५ रुग्णांमध्ये तोल सुधारल्याचे दाखवून दिले होते. तेव्हा हा व्यायाम म्हणजे निवृत्तांचा विरंगुळा नव्हे. तो नीट झाला तर फायदा मोठा आहे, आणि नीट होण्याचा सारा भरवसा त्या भार ओतण्यावर आहे.

इथे ठेक्याचे संगीत आले की काय होते? आपल्या मेंदूत ऐकण्याची आणि हालचालीची केंद्रे एकमेकांशी घट्ट बांधलेली आहेत. समान अंतराने ठोका ऐकू येऊ लागला की पुढचा ठोका केव्हा येईल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि स्नायूंना तयारीत ठेवतो. म्हणूनच ढोल वाजू लागला की पाय थिरकतात. त्यासाठी नाचाची आवड असावी लागत नाही. पण ताई चीत पाय टेकण्याचा क्षण आणि भार जाण्याचा क्षण हे दोन वेगळे क्षण आहेत, आणि ठोक्याला ते एकत्र हवे असतात. भजनातल्या झांजेच्या ठोक्यावर पाऊल पडले की त्याच क्षणी भारही त्यावर पडतो. म्हणजे मांजराची चाल मोडते आणि नेहमीची ‘पडत सावरत’ चाल परत येते, फरक इतकाच की गुडघे वाकलेले आणि वेग मंद, म्हणजे परिस्थिती अधिक अवघड. आपल्या परिचितांचे पाय ‘आपसूक’ पुढे गेले ते असे.

शब्दांचा प्रश्न त्याहून निराळा. स्वीडनमधील लिलेमोर लुंडिन-ओल्सन यांनी १९९७ मध्ये एका छोट्या पण पुढे फार गाजलेल्या अभ्यासात ५८ वृद्धांना चालता चालता बोलते केले. काही जण उत्तर देण्यासाठी थांबले, बाकीचे चालत राहिले. पुढील सहा महिन्यांत थांबणाऱ्यांपैकी बहुतेक जण पडले. बोलण्याने माणूस पडतो, असा याचा अर्थ नव्हे. वयानुसार चालणे ही आपोआप होणारी क्रिया राहत नाही, तिच्यासाठी लक्ष खर्च करावे लागते, आणि ते लक्ष दुसरीकडे गेले की पायांना पुरेसे उरत नाही, असा तो अर्थ आहे. ओळखीचे गाणे कानावर पडले की आपण पुढची ओळ मनात म्हणू लागतो. बाबूजींचे गाणे लावायचे आणि शब्दांकडे लक्ष द्यायचे नाही, हे मराठी माणसाला तरी शक्य नाही.

मग ताल वाईट का?

असे म्हणणे मात्र सरळसरळ चुकीचे ठरेल. अमेरिकेत मायकेल थाउट यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की कंपवाताच्या रुग्णांना ठोक्याच्या साथीने तीन आठवडे चालण्याचा सराव दिला तर त्यांचा वेग आणि पावलांची लांबी सुधारते. तिथे चाल अडखळलेली असते आणि बाहेरचा ठोका आतल्या बिघडलेल्या घड्याळाची जागा घेतो. जिनिव्हात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पासष्टीपुढील १३४ जणांना आठवड्यातून एकदा पियानोच्या साथीने चालणे, वळणे, थांबणे असे व्यायाम सहा महिने दिले गेले. त्यांची चाल सुधारली आणि पडणेही कमी झाले. या व्यायामाची पद्धत एमिल जाक-दालक्रोझ या स्विस संगीतशिक्षकाची. तिच्यात पियानोवादक ठरीव तुकडा वाजवत नाही, समोरच्यांच्या हालचाली पाहत जागच्या जागी संगीत रचतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. सप्ताहात देवळाच्या मंडपात वारकऱ्यांची पावली पाहावी. टाळकरी एक पाऊल पुढे टाकतात, मागे येतात, बसतात, उठतात, आणि त्यात साठी-सत्तरीची मंडळीही मागे नसतात. मृदंग्याचे डोळे त्यांच्या पायांवर असतात. दमलेले पाय दिसले की तो लय चढवत नाही, रंग भरला की चढवतो. दशावतारात तर हे अधिकच स्पष्ट दिसते. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते, संवाद रंगमंचावर उत्स्फूर्त घडतात. त्यामुळे पायपेटी, मृदंग आणि झांज घेऊन बसलेल्यांना पुढे काय होणार हे नटाकडे पाहूनच कळते. राजा युद्धाला निघाला, त्याने पाऊल आपटले, की थाप त्या पावलावर येते. साथ शब्दाचा हा खरा अर्थ. साथीदार सोबत चालतो, दावे धरून ओढत नाही.

ध्वनिमुद्रित संगीताला डोळे नसतात, आणि सगळी अडचण तेवढीच आहे. मोबाइलमधल्या मृदंग्याला आपला गुडघा आज दुखतो आहे हे दिसत नाही. काल रात्री झोप झाली नाही, पाऊल ठेवायला आज अर्धा क्षण अधिक लागणार आहे, याची त्याला खबर नसते. तो थांबत नाही, मग आपल्यालाच त्याच्यामागे धावावे लागते. लेझीम, कवायत, झुंबा यांत हे खपून जाते. तिथे सर्वांनी एका ठोक्यावर हलणे हाच तर उद्देश असतो, आणि शाळेच्या मैदानावर हलगी कडाडली की शंभर लेझीम एकदम खणखणतात त्यातला आनंद कोण नाकारील? ताई चीत मात्र पुढचे पाऊल केव्हा, हे फक्त मागच्या पायाने ठरवायचे असते.

याच संदर्भात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आठवतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन प्रचार केला आणि प्रत्येक नमस्कारासोबत बीजमंत्रांचा उच्चार करायला सांगितले. त्यामागची धार्मिक भूमिका क्षणभर बाजूला ठेवली तरी एक गोष्ट लक्षात येते. इथे ध्वनी व्यायाम करणाऱ्याच्याच कंठातून निघतो. श्वास अपुरा पडला तर मंत्र आखडतो आणि पुढचा नमस्कार आपसूक लांबतो. बाहेरून लावलेल्या गाण्याला हे कसे साधावे?

चिनी परंपरा काय म्हणते?

यांग छंगफू यांनी सांगितलेली दहा सूत्रे १९२५ साली त्यांचे शिष्य छेन वेइमिंग यांच्या पुस्तकात प्रसिद्ध झाली. डोके वरून टांगल्यासारखे हलके ठेवावे, कंबर सैल असावी, भरलेला आणि रिकामा पाय ओळखावा, जोर न लावता मनाने हालचाल घडवावी, हालचालीत खंड पडू नये, चलनातही स्थिरता शोधावी, असा त्यांचा आशय. संगीताचा या दहांत उल्लेख नाही. ‘ऐकण्या’ला मात्र या विद्येत मोठे स्थान आहे, आणि ते कानाने ऐकणे नव्हे. दोघांनी मनगटाला मनगट लावून करायच्या जोडसरावात समोरच्याचा जोर कोणत्या दिशेने येतो आहे हे त्वचेतून ओळखायचे असते; त्या कौशल्याला चिनी भाषेत ‘ऐकण्याचे बल’ असेच नाव आहे. एकट्याने सराव करताना हेच ऐकणे तळपायाकडे वळते. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पावलाचा आवाज आला, तर भार लवकर टाकला असे समजावे. हा शिक्षक फुकटात मिळतो. गाणे मोठ्याने लावले की तो गप्प होतो.

तरीही चीनमधल्या उद्यानांत आज ताई चीबरोबर संगीत सर्रास ऐकू येते, हेही खरे. त्यामागे व्यवहार आहे. पन्नास माणसांनी एकाच वेळी सुरू करून एकाच वेळी संपवायचे तर काहीतरी समान धागा लागतो. आंतरराष्ट्रीय वुशू स्पर्धांतही ताई चीची ऐच्छिक मालिका संगीताच्या साथीने सादर करण्याची पद्धत आहे. २००८ च्या पेइचिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात २००८ जणांनी वर्तुळात केलेली ताई ची ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिली असेल, त्यांना त्या दृश्यातून संगीत वजा करून पाहता येणार नाही. पण तो प्रेक्षकांसाठीचा सोहळा होता. (जाता जाता: १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चीनच्या युद्धकला पथकाने आपली प्रात्यक्षिके दाखवली आणि त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची. दोन्ही पथकांनी एकमेकांना पाहिले असेल का, हा विचार प्रस्तुत लेखकाच्या मनात अनेकदा येऊन जातो.)

उद्यानांतल्या या ध्वनिवर्धकांचा चीनमध्ये पुढे उपद्रवही झाला. चौकाचौकांत सामूहिक नृत्य करणारे गट आणि आसपासचे रहिवासी यांच्यात खटके उडू लागले. जून २०२२ पासून लागू झालेल्या तिथल्या ध्वनिप्रदूषणविरोधी कायद्यात सार्वजनिक जागी व्यायाम-करमणूक करणाऱ्यांच्या आवाजाचीही दखल घेतली गेली. आपल्याकडे २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. पहाटे पाचला देवळासमोर जमून ताई ची करू पाहणाऱ्या गटाने हे ध्यानात घेतलेले बरे.

ऐकायचेच असेल तर

मग संगीत अजिबात नकोच का? तसेही नाही. महामार्गालगत राहणाऱ्याला ट्रकच्या कर्ण्यापेक्षा काहीही बरे वाटणार. मन थाऱ्यावर आणण्यासाठी, सरावाची वेळ झाली अशी शरीराला खूण पटवण्यासाठी आणि एकटेपणाने कंटाळा येऊ नये म्हणून संगीताचा उपयोग नक्की होतो. नव्या व्यायामात टिकून राहणे हेच अर्ध्या लोकांना जमत नाही. गाण्यामुळे जमत असेल तर तो लाभ लहान नव्हे. प्रश्न कोणते संगीत, एवढाच आहे.

या प्रश्नाचे उत्तर देणारा शब्द महाराष्ट्राच्याच भूमीवर लिहिला गेला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात गायनाचे दोन भाग केले: निबद्ध आणि अनिबद्ध. तालात आणि रचनेत बांधलेले ते निबद्ध, आणि आलापासारखे मोकळे ते अनिबद्ध. ताई चीला मानवते ते अनिबद्ध. तिथे ठोका नाही, म्हणून पायाला हुकूम नाही. तानपुऱ्याचा झंकार त्याहूनही उत्तम, कारण तो सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे हेच कळत नाही. तो काही मागत नाही, पुढे काय येणार याची उत्कंठा लावत नाही. आज तानपुऱ्याचा सूर कोणत्याही मोबाइलवर मिळतो.

विलंबित ख्याल कसा राहील, असे रसिक विचारतील. लय तर इतकी संथ असते की अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन अर्ध्या-पाऊण मिनिटापर्यंत लांबते. पण इथे एक गंमत आहे. ज्याला गाणे कळत नाही त्याला विलंबित ख्याल चालेल. ज्याला कळते त्याला चालणार नाही. जाणकाराचे सारे चित्त समेकडे लागलेले असते. मुखडा आला की तो नकळत सावरून बसतो आणि सम आली की मान हलवतो, आणि ताई चीत नेमकी मानच तर हलवायची नसते! द्रुत बंदिश, तराणा, झाला, नाट्यपदे यांचे नावही काढू नये.

खुद्द चिनी संगीतातही हा विवेक करावा लागतो. ताई चीसाठी ज्याची शिफारस वारंवार होते ते गुछिन हे सात तारांचे वाद्य मंद आणि अंतर्मुख सुराचे आहे. त्याच्या परंपरागत स्वरलेखनात कोणती तार कोणत्या बोटाने कुठे छेडायची हे असते, पण प्रत्येक स्वर किती काळ धरायचा हे लिहिलेले नसते. लय वादकाच्या श्वासावर आणि समजुतीवर सोडलेली असते. आपल्या आलापाशी याचे नाते ऐकताक्षणी जाणवते. मात्र ‘वाहते पाणी’ या अर्थाच्या नावाची गुछिनची जी सर्वांत प्रसिद्ध रचना आहे, तिच्यात मध्यावर पाण्याला खळाळ येतो, स्वर एकमेकांवर आदळत घरंगळतात. एकोणिसाव्या शतकात छांग खुंगशान या वादकाने हा भाग वाढवला. ऐकायला तो विलक्षण आहे, पण एका पायावर उभ्या असलेल्या नवशिक्यासाठी तो ओढ्याच्या लोंढ्यासारखाच.

कुआन फिंगहू यांनी वाजवलेली हीच रचना १९७७ साली अमेरिकेने अवकाशात पाठवलेल्या व्हॉयेजर यानांतील सोनेरी तबकडीवर आहे. साडेसात मिनिटांची ती रचना संपली की त्या तबकडीवर लगेच पुढे येतो तो गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांचा भैरवीतला साडेतीन मिनिटांचा सूर. चीनचा गुछिन आणि आपल्या शेजारच्या गावची भैरवी सूर्यमालेबाहेर एकामागोमाग प्रवास करीत आहेत. सरावाआधी दहा मिनिटे शांत बसून या दोन्ही गोष्टी जरूर ऐकाव्यात. सराव सुरू झाला की बंद कराव्यात.

इअरफोनविषयी मात्र सौम्य शब्दांत बोलता येणार नाही. तोल सांभाळण्यासाठी डोळे, तळपाय आणि कानाच्या आतल्या भागातील तोल-इंद्रिय यांची माहिती मेंदू जुळवत असतो; आजूबाजूच्या आवाजांवरूनही आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज येत असतो. कान बंद केले की तो अंदाज जातो. त्यातून मागून येणारी दुचाकी, अंगणात शिरलेले गुरू, हाक मारणारी सून, यांपैकी काहीच ऐकू येत नाही. गाणे हवेच असेल तर मोबाइल ओटीवर ठेवावा, आणि आवाज इतकाच असावा की स्वतःचे पाऊल ऐकू येईल.

नव्याने शिकणाऱ्याने पहिले दोन-तीन महिने मालिका पाठ होईपर्यंत काही न लावता सराव करावा, हे प्रस्तुत लेखकाचे मत. त्या काळात ‘आता डावा, मग उजवा’ हे आठवण्यातच लक्ष संपते, तिथे गाण्याला जागा नसते. शक्य असेल तर जाणकाराकडून शिकावे. चित्रफितीतला शिक्षकही ध्वनिफितीतल्या मृदंग्यासारखाच, त्यालाही आपण दिसत नाही. चक्कर येत असेल, गुडघ्याची वा खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारून, भिंतीजवळ किंवा भक्कम खुर्चीचा आधार हाताशी ठेवून करावे. मालिका अंगवळणी पडल्यावर कधी संगीत लावून, कधी न लावता करून पाहावे आणि दोन्ही वेळचा अवधी घड्याळात मोजावा. संगीत लावल्यावर मालिका दर वेळी ठरावीक वेळेतच संपू लागली, तर पाय गाण्याच्या मागे जाऊ लागले असे खुशाल समजावे.

आपल्या परिचितांनी भजनांची ध्वनिफीत सोडली नाही. ती आता सराव आटोपल्यावर, चहाच्या वेळी लागते. काही दिवस त्यांनी तानपुरा लावून पाहिला. सौभाग्यवतींना वाटले, फोनमध्ये काही बिघाड झाला. मग पाऊस सुरू झाला, खळे चिखलाने भरले आणि सराव पडवीत आला. कौलांवर सरी कोसळत असतात, पागोळ्या एकसुरात गळत असतात. तानपुरा लावला तरी ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी तो लावणे बंद केले. चोवीस हालचालींना त्यांना आता आठ मिनिटे लागतात, कधी नऊ.